गाडगे महाराज

संत गाडगे महाराज, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६), हे वऱ्हाडातील कीर्तनकार व समाजसुधारक होत. स्वच्छता व अंधश्रद्धा निर्मूलन या क्षेत्रांतील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. यात्रेकरू आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा, तसेच त्या चालवण्यामागील पैशाचा काटेकोर व्यवहार यांची चर्चा मात्र तुलनेने कमी होते.

बालपण व कर्जाचा अनुभव

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी व्यसनाधीन होऊन १८८४ मध्ये वारले आणि आई सखूबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यातील दापुरे (ता. मूर्तिजापूर) येथे माहेरी आली. डेबूजी मामाच्या घरी गुरे राखू लागले, पुढे उत्तम शेतकरी झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही.

मामाची जमीन सावकारी कर्जात अडकली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. डेबूजींनी राबून फेड केली तरी सावकाराचा हिशेब मिटेना; अखेर ताबा घेण्यास आलेल्या माणसांना त्यांनी शेतातच अडवले, असे चरित्रकार सांगतात. कर्ज काढू नका, सण-लग्नासाठी ऋण करू नका, मुलांना शिकवा, हा त्यांच्या पुढील कीर्तनांतील आग्रह या अनुभवाशी जोडल्यावाचून नीट समजत नाही.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात मातीचे गाडगे व खराटा असा त्यांचा वेष असे. गाडगे महाराज हे नाव त्यावरूनच पडले.

धर्मशाळा आणि त्यांचा खर्च

आरंभीचे मोठे काम अमरावती जिल्ह्यातील ऋणमोचन येथे झाले. पूर्णेच्या काठी भरणाऱ्या तेथील यात्रेत भाविकांची गैरसोय होई, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी घाट बांधवला. ज्याच्या घरची जमीन कर्जापायी गेली, त्याचे पहिले काम या नावाच्या गावी व्हावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. पुढे मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, देहू व आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना आसरा मिळत नसे. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली.

इमारत एकदाच बांधावी लागते. दिवाबत्ती, पाणी, झाडलोट, डागडुजी आणि अन्नदान यांचा खर्च मात्र रोजचा असतो. मोठ्या हॉटेलात खोल्यांचे भाडे गल्ल्यात येत राहते आणि त्यातून वाण्याची उधारी व नोकरांचे पगार भागतात. गरिबांच्या धर्मशाळेला असा गल्ला नसतो. त्यातच वऱ्हाडी शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो हिवाळ्यात, कापूस विकल्यावर. आषाढीची गर्दी होते तेव्हा त्याचे सारे भांडवल पेरणीत गेलेले असते. म्हणजे देणाऱ्याची सुगी आणि खर्चाचा हंगाम यांत काही महिन्यांचे अंतर पडते. अशा संस्थेला कर्ज टाळायचे असेल, तर सुगीत मिळालेले दान पुढच्या गर्दीपर्यंत पुरवावे लागते.

महाराजांचा मार्ग साधा होता. कीर्तनातून ते लोकांना दानाचे आवाहन करीत, परंतु पैसा स्वतःजवळ ठेवीत नसत. तो संस्थेच्या कारभाऱ्यांकडे जाई. शेतकऱ्यांकडून धान्य येई आणि ज्याच्याजवळ काहीच नसे तो श्रमदान करी. स्वतः महाराज एखाद्याचे काम करून देत आणि मगच भाकरी मागून खात. संस्थांवर आपल्या कुटुंबाचा हक्क असू नये याविषयी ते अतिशय कठोर होते. या कठोरपणाचा भार कुंताबाई व मुलांना सोसावा लागला, हे नमूद करणे आवश्यक आहे.

विश्वस्त व्यवस्था

१९४९ मध्ये त्यांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि संस्थांचा कारभार एका व्यक्तीच्या शब्दावर अवलंबून न राहता संघटित स्वरूपात चालू लागला. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा १९५४ मध्ये झाली. खेड्यातून आलेल्या माणसाला शहरात औषधाइतकीच रात्रीच्या निवाऱ्याची चिंता असते, हे त्यामागील कारण होते.

निधन

प्रकृती खालावलेली असताना, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावती येथील गाडगेनगरात आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या जीवनावरील ‘देवकीनंदन गोपाळा’ (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांची भूमिका केली.