‘शॅडो’ आणि ‘लायटनिंग’चा जनक

अमेरिकेतील युटा राज्यात बोनव्हिल येथे मिठाचे अफाट, सपाट मैदान आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रोली फ्री हा शर्यतपटू तेथे केवळ पोहण्याची चड्डी घालून एका काळ्या मोटरसायकलवर पालथा झोपला. चामडी पोशाखाला वारा अडतो, म्हणून तो त्याने उतरवून ठेवला होता. ताशी १५०.३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटरचा वेग नोंदला गेला आणि ते छायाचित्र जगभर गाजले. ती गाडी घडविणारा इंग्लंडमधील कारखाना मात्र पुढच्याच वर्षी कर्जापायी प्रशासकाच्या हाती गेला. त्याचे संस्थापक होते फिलिप कॉनरॅड व्हिन्सेंट.

व्हिन्सेंट यांचा जन्म १९०८चा. वडिलांचा अर्जेंटिनात गुरांचा मोठा व्यवसाय होता. मुलाचे शिक्षण हॅरो व केंब्रिजला झाले. त्या काळी बहुतेक मोटरसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे आणि खड्ड्यांचा सारा मार चालकाच्या कण्याला बसे. या चाकाला स्प्रिंगचा आधार देणारी त्रिकोणी रचना व्हिन्सेंट यांनी विद्यार्थिदशेतच आखली आणि १९२८ साली तिचे पेटंट घेतले. सत्तरच्या दशकात यामाहाने ‘मोनोशॉक’ आणला, त्याची जातकुळी हीच.

अननुभवी तरुणाच्या नावावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्यांनी वडिलांच्या पैशांतून बंद पडलेल्या ‘एचआरडी’ कंपनीचे नाव अवघ्या ४५० पौंडांत विकत घेतले आणि स्टीव्हनेजमध्ये काम सुरू केले. १९३४च्या आयल ऑफ मॅन शर्यतीत बाहेरून घेतलेल्या इंजिनांनी दगा दिला. तेव्हा व्हिन्सेंट आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी फिल आयर्व्हिंग यांनी काही महिन्यांतच स्वतःचे ५०० सीसीचे इंजिन उभे केले. त्याच्या आराखड्याचे दोन कागद योगायोगाने एकमेकांवर पडले आणि त्यातून १००० सीसीच्या जुळ्या सिलिंडरची कल्पना सुचली, असे सांगतात. १९३६ची ‘रॅपिड’ ती हीच.

युद्धानंतर रॅपिड नव्याने आखली गेली आणि १९४८ साली तिच्यापासून दोन जहाल भावंडे निघाली. ‘ब्लॅक शॅडो’ रस्त्यासाठी होती. इंजिनावर भट्टीत भाजलेला काळा मुलामा, ५५ अश्वशक्ती, ताशी १२५ मैल वेग आणि १५० मैलांपर्यंत आकडे असलेला थाळीएवढा स्पीडोमीटर! ‘ब्लॅक लायटनिंग’ निव्वळ शर्यतीची. तिचे दिवे काढले, आसन एकाचेच ठेवले, जड भागांच्या जागी हलके मिश्रधातू आले. वजन सुमारे ३५ किलोने घटून १७२ किलोवर उतरले, शक्ती ७० अश्वशक्तीवर गेली. बोनव्हिलची गाडी या लायटनिंगचाच पहिला नमुना मानली जाते. कीर्ती लायटनिंगला लाभली खरी. पण व्हिन्सेंट यांचे खरे कसब शॅडोत दिसते. तिच्यावर मागे माणूस बसवून, दिवे लावून रात्रीचा लांबचा पल्ला गाठता येई आणि तरीही त्या काळच्या बहुतेक मोटारी मागे पडत. शॅडो सतराशेच्या आसपास निघाल्या, लायटनिंग जेमतेम तीसेक.

या कारागिरीची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती. दर्जा उतरवून गाडी स्वस्त करणे व्हिन्सेंट यांना मानवले नाही. अखेरीस त्यांनी संपूर्ण आवरण असलेली ‘ब्लॅक प्रिन्स’ही काढून पाहिली, पण ग्राहक लहान मोटारींकडे वळला होता. डिसेंबर १९५५मध्ये व्हिन्सेंट मोटरसायकलींचे उत्पादन थांबले.

व्हिन्सेंट २७ मार्च १९७९ रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी निवर्तले. जॅक एहरेट यांनी १९५३ साली ऑस्ट्रेलियाचा वेगाचा विक्रम केला ती लायटनिंग २०१८च्या जानेवारीत लास व्हेगासच्या लिलावात ९ लाख २९ हजार डॉलरना विकली गेली. तोवर लिलावात कोणत्याही मोटरसायकलला इतकी किंमत आली नव्हती.