पेट्रोलमध्ये शिसं मिसळणारा माणूस

कारच्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडलं की आत ‘अनलेडेड’ असं लिहिलेलं असतं, पाहिलंय कधी? अनलेडेड म्हणजे शिसं नसलेलं. मग पेट्रोलमध्ये मुळात शिसं आलं कुठून? थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरमुळे.

१८८९चा त्याचा जन्म. कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, केमिस्ट्री मात्र नोकरीत शिकला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत त्याच्यापुढे प्रश्न होता नॉकिंगचा. चढावर चुकीच्या गिअरमध्ये बाईकचं इंजिन खडखडतं ना, तोच. पठ्ठ्याने एकेक पदार्थ इंधनात घालून पाहिला आणि डिसेंबर १९२१ मध्ये त्याला टेट्राएथिल लेड सापडलं. चिमूटभर टाकलं की खडखड बंद!

गंमत म्हणजे इथेनॉलनेही नॉकिंग थांबतं, हे त्याला ठाऊक होतं. पण साध्या अल्कोहोलचं पेटंट कोण देणार? त्यात कमाई नव्हती. १९२३ मध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं. नाव ठेवलं ‘एथिल’. नावात शिशाचा उल्लेखच नाही!

शिसं विषारी आहे हे माहीत नव्हतं, असं समजू नका. त्याच वर्षी शिशाची बाधा झाली म्हणून मिजली स्वतः रजा घेऊन फ्लोरिडाला गेला होता. पुढच्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले, ते सैरभैर झाले आणि पाच जण दगावले. मिजलीने काय करावं? पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते रसायन हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर बाटलीतून हुंगून दाखवलं. हे रोज केलं तरी काही होत नाही, असंही वर सांगितलं. स्वतः आजारी पडून आलेला माणूस हे बोलत होता! अज्ञान एक वेळ समजू शकतं, हे मात्र नाही.

विक्री काही महिने थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

पुढे त्याने फ्रिजसाठी फ्रीऑन वायू शोधला, जो नंतर ओझोनच्या थराला भोवला. त्यात मात्र त्याला दोष देता येत नाही, तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. वय ५५.

त्याचं पेट्रोल मात्र जगभर जळत राहिलं. धुरातलं शिसं सगळ्यात जास्त बाधतं ते लहान मुलांच्या मेंदूला. भारतात ते पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २००० रोजी, तर अल्जीरियात थेट २०२१ मध्ये. म्हणजे तुमचे आईबाबा कॉलेजात असताना ज्या स्कूटरवरून डबलसीट फिरले, तिच्या धुरात बहुतेक मिजलीचं शिसं होतं.