कार्ल कीकहेफर : एका शिस्तप्रिय पुरुषाचें चरित्र



सायंकाळीं भाईंदरच्या खाडीवरील पुलावरून आगगाडी जात असतां खालीं दृष्टि टाकली, तर एखादी लहान होडी पाठीस लावलेल्या यंत्राच्या बळावर पाणी कापीत जातांना दिसते. होडीच्या बाहेर अडकवितां येणारें व काम संपतांच काढून ठेवतां येणारें हें यंत्र ज्यांनीं जगभर पोहोंचविलें, त्यांत कार्ल कीकहेफर या अमेरिकन कारखानदाराचें नांव प्रमुख आहे. तथापि आज त्याचें चरित्र सांगावयास घेतलें आहे तें या यंत्राकरितां नव्हे. १९५५ व १९५६ या दोन सालीं त्यानें मोटारींच्या शर्यतींकरितां माणसांची एक तुकडी तयार केली. तिच्या शिस्तीस तोड नव्हती. तिच्या विजयांची मालिका खंडित होत नव्हती. असें असूनहि अखेरीस प्रेक्षकांचा धिक्कार पदरीं घेऊन तो शर्यतींच्या मैदानांतून कायमचा निघून गेला. असें कां झालें, हा प्रश्न यश इच्छिणाऱ्या प्रत्येकानें स्वतःस विचारण्याजोगा आहे.

एल्मर कार्ल कीकहेफर याचा जन्म ४ जून १९०६ रोजीं विस्कॉन्सिन संस्थानांतील मेक्वॉन या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. यंत्रांची आवड त्यास लहानपणापासून होती. तरुणपणीं मिलवॉकी शहरांत लोहचुंबकाचीं उपकरणें करणाऱ्या कारखान्यांत त्यानें नोकरी केली. १९३९ सालीं सीडरबर्ग येथील एक बुडीत निघालेला कारखाना त्यानें विकत घेतला. तेथें लोहचुंबकाचीं उपकरणें करावीं असा त्याचा बेत होता. परंतु कारखान्याबरोबर सुमारें तीनशें नादुरुस्त होडीयंत्रें त्याच्या गळ्यांत पडलीं. माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या व्यापारी पेढीनें तीं सदोष म्हणून नाकारलेलीं होतीं. दुसऱ्या कोणीं तीं भंगारांत काढलीं असतीं. कीकहेफरनें तीं एकेक करून उकललीं, दोष शोधले, सुधारलीं आणि त्याच पेढीस परत विकलीं. पेढीनें संतुष्ट होऊन आणखी यंत्रांची मागणी केली, आणि लोहचुंबकाचा बेत मागें पडला. पुढच्याच वर्षीं मर्क्युरी या नांवानें त्याचीं स्वतःचीं यंत्रें बाजारांत आलीं. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या कारखान्यानें अमेरिकन सैन्यासाठीं लांकूड कापण्याचे यांत्रिक करवत पुरविले. टाकलेल्या वस्तूंत गुण पाहण्याची ही दृष्टि विद्यार्थ्यांनीं अवश्य घेण्यासारखी आहे.

आतां ज्या खेळांत त्याची खरी परीक्षा झाली, त्याची थोडी माहिती दिली पाहिजे. अमेरिकेंत १९४८ सालीं बिल फ्रान्स याच्या पुढाकारानें नॅस्कार ही संस्था स्थापन झाली. बाजारांत सामान्य गिऱ्हाइकास मिळते तीच मोटार घेऊन शर्यत करावयाची, म्हणून या मोटारीस स्टॉक कार म्हणत. शर्यत लांबली कीं टायर झिजतात व पेट्रोल संपत येतें. मग मोटार धांवपट्टीच्या कडेला, ज्यास पिट म्हणतात त्या जागीं, थांबवावी लागते. तेथें तुकडी सज्ज असते. एकानें जॅकनें मोटार उचलावी, दुसऱ्यानें चाकाचे नट सोडवावे, तिसऱ्यानें नवें चाक पुढें करावें, चौथ्यानें पेट्रोल ओतावें. ताशीं शंभर मैल वेगानें जाणारी मोटार दहा सेकंदांत पाव मैलाहून अधिक अंतर तोडते. म्हणजे एका हाताचा घोटाळा झाल्यास चालकानें कष्टानें मिळविलेली आघाडी तेथेंच जाते. विजयाचा हार चालकाच्या गळ्यांत पडतो, परंतु त्यांतील निम्मीं फुलें या अनामिक हातांचीं असतात.

कीकहेफर येण्यापूर्वीं हा खेळ बहुतांशीं हौशी कारागिरांचा होता. गॅरेजमध्यें रात्रभर खपून तयार केलेली मोटार कशीबशी ओढून आणावी आणि तीच शर्यतींत चालवावी, असा प्रकार असे. १९५५ च्या फेब्रुवारींत फ्लॉरिडांतील डेटोना येथें समुद्रकिनाऱ्यावरील शर्यतीस कीकहेफर पांढरी शुभ्र क्रायस्लर ३०० मोटार घेऊन आला. चालक टिम फ्लॉक हा होता. तो दुसरा आला. परंतु पहिल्या आलेल्या मोटारीच्या यंत्रांत नियमाबाहेरचा फरक आढळल्यामुळें विजय फ्लॉकच्या पदरीं आला.

त्यानंतर जें घडलें तें या खेळास नवीन होतें. कीकहेफरच्या मोटारी बंदिस्त मालमोटारींतून ऐटींत येत. त्याच्या माणसांस स्वच्छ पांढरा गणवेश असे. धांवपट्टीवरील मातीचे नमुने तपासले जात, हवामानाच्या नोंदी ठेवल्या जात, आणि त्यांवरून मोटारीची जुळणी ठरे. प्रत्येक शर्यतीनंतर काय चुकलें याची चौकशी होई. परिणामहि तसाच झाला. १९५५ च्या हंगामांत फ्लॉकनें १८ शर्यती जिंकून अजिंक्यपद मिळविलें. एका हंगामांतील विजयांचा हा उच्चांक १९६७ पर्यंत टिकला. १९५६ सालीं कीकहेफरच्या संघानें ओळीनें १६ शर्यती जिंकल्या. दोन हंगामांत मिळून त्याचे विजय ५२ भरले.

परंतु याच शिस्तीची दुसरी बाजू होती. शर्यतीच्या आदल्या रात्रीं कोणीं किती वाजतां निजावें हें मालक ठरवी, व माणसें खोलींत आहेत कीं नाहींत याची झडती होई. चालकांस त्या रात्रीं पत्नीपासूनहि वेगळें राहावें लागे. चूक झाली तर क्षमा नव्हती. विजय मिळाला तरी शाबासकी दुर्मिळ होती. एकाच मालकाच्या चार-पांच मोटारी एकमेकींशींच स्पर्धा करीत, त्यामुळें सहकारी हाच प्रतिस्पर्धी झाला. या ताणानें टिम फ्लॉकच्या पोटांत व्रण झाले, आणि १९५६ च्या एप्रिलमध्यें नॉर्थ विल्क्सबरो येथील शर्यत जिंकून त्यानें हा संघ सोडला. अजिंक्यवीर जिंकलेल्या दिवशींच निघून जातो, हीच एक मोठी सूचना होती; पण मालकानें ती ऐकली नाहीं.

हंगामाच्या अखेरीस हर्ब थॉमस हा खेळाडू गुणांत पुढें होता. तो त्याच वर्षीं कांहीं काळ कीकहेफरकडे राहून बाहेर पडलेला होता. आपला चालक बक बेकर यास गुण मिळविण्याची अधिक संधि यावी म्हणून कीकहेफरनें शेल्बी येथील मैदान घेऊन एक जादा शर्यत भरविली. २३ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्या शर्यतींत कीकहेफरचाच दुसरा चालक स्पीडी थॉम्प्सन याच्या मोटारीचा थॉमसच्या मोटारीस धक्का लागून भीषण अपघात झाला. थॉमसच्या डोक्यास गंभीर इजा झाली; तो वांचला, परंतु त्याची पूर्वीची कामगिरी पुन्हां कधीं दिसली नाहीं. धक्का हेतुपुरस्सर होता किंवा काय, याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. अजिंक्यपद बेकरला मिळालें. परंतु प्रेक्षक आधींपासूनच कीकहेफरच्या मोटारी दिसतांच हुर्यो करूं लागले होते. जाहिरातीसाठीं केलेला खटाटोप उलटत आहे, लोक आपल्या मालासहि दूषण देतील, हें ओळखून त्यानें हंगाम संपतांच हा खेळ सोडला तो कायमचा.

पुढील आयुष्य त्यानें पुन्हां होडीयंत्रांस वाहिलें. १९५७ सालीं फ्लॉरिडांतील एका निर्जन सरोवरावर त्यानें गुप्त परीक्षणकेंद्र उभारलें आणि यंत्रें २५,००० मैल चालवून त्यांची कसोटी पाहिली. १९६१ सालीं त्याची कंपनी ब्रन्सविक या मोठ्या कंपनींत विलीन झाली. परंतु दुसऱ्यांच्या हाताखालीं राहणें त्याच्या स्वभावास मानवेना; १९७० सालीं तो बाहेर पडला. ५ ऑक्टोबर १९८३ रोजीं त्याचा अंत झाला.

या चरित्रावरून शिस्तच वाईट, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. कीकहेफरनें दाखविलेली तयारीची रीत या खेळानें पुढें आपलीशी केली. व्हर्जिनियांतील स्टुअर्ट गांवच्या वुड बंधूंनीं पिटमधील प्रत्येक हालचालीचा असाच बारीक अभ्यास केला. १९६५ सालीं इंडियानापोलिसच्या सुप्रसिद्ध शर्यतींत जिम क्लार्कच्या मोटारीसाठीं त्यांस मुद्दाम बोलाविण्यांत आलें, आणि क्लार्क जिंकला. त्यांची तुकडी भाऊ व शेजारी यांची होती. घड्याळ तेंच होतें, घाई तीच होती, पण हात एकमेकांवर विश्वास ठेवून चालत होते.

प्रस्तुत लेखकाकडे एके वर्षीं मुलांच्या खो-खो संघाची जबाबदारी होती. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीं ज्याचा पाय मुरगळला, त्या मुलास त्यानें तत्काळ वगळलें. तें योग्यच होतें. परंतु त्यानंतर त्याची साधी विचारपूसहि केली नाहीं. ढाल मिळाली. ढालीसह काढलेल्या छायाचित्रांत तो मुलगा नाहीं, आणि तें छायाचित्र पाहतांना लेखकाची दृष्टि त्या रिकाम्या जागेकडेच जाते. कीकहेफरला दोष देण्यास निघालेली लेखणी म्हणूनच येथें थोडी अडखळते.

प्रेषित पौलानें मंडळीस एका शरीराची उपमा दिली आहे. डोळा हातास नको म्हणूं शकत नाहीं, आणि एक अवयव दुखावला तर सारें शरीर दुखावतें. भंगार ठरलेल्या तीनशें यंत्रांत गुण पाहणाऱ्या या कर्त्या पुरुषास थकलेल्या माणसांत तो पाहतां आला नाहीं, एवढीच त्याच्या थोर कर्तृत्वांत उणीव राहिली. मुलांनो, तुमच्यापैकीं पुष्कळजण उद्यां कोठें ना कोठें तुकडीचे नायक व्हाल. घड्याळ जरूर हातीं घ्या. पण चाक बदलणाऱ्या माणसाचें नांव व त्याचें दुःख ठाऊक असूं द्या.