अंड्याला वॉर्निश फासणारा शास्त्रज्ञ : रेऑमूर

तापमान म्हटलं की आपल्याला सेल्सिअस आणि फॅरेनहाइट ही दोन नावं आठवतात. पण एकेकाळी युरोपात तिसरं नावही चालायचं, ते म्हणजे रेऑमूर. याच माणसाने अंडी टिकावीत म्हणून त्यांना वॉर्निश फासून पाहिलं होतं.

रेने रेऑमूर यांचा जन्म १६८३ साली फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या शहरात झाला. १७०८ मध्ये, ऐन पंचविशीत ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले. १७२२ साली त्यांनी लोखंडापासून पोलाद कसं बनवायचं यावर पुस्तक लिहिलं. या कामासाठी सरकारने त्यांना वर्षाला १२,००० लिव्हर पेन्शन दिलं, ते त्यांनी अकादमीच्याच कामाला देऊन टाकलं. १७३० साली त्यांचा थर्मामीटर आला. त्यावर पाणी ० अंशाला गोठायचं आणि ८० ला उकळायचं.

मग अंड्यांकडे ते कसे वळले?

तेव्हा फ्रिज नव्हता. हिवाळ्यात दिवस लहान झाले की कोंबड्या फार कमी अंडी देतात. म्हणजे आधीची अंडी साठवा, नाहीतर हिवाळाभर अंड्यांवाचून राहा. साठवलेली अंडी मात्र खराब व्हायची.

रेऑमूर यांनी कवचाकडे लक्ष दिलं. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. त्यातून आतलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि आतली हवेची पोकळी वाढत जाते. म्हणूनच शिळं अंडं पाण्यात तरंगतं. ही छिद्रं बुजवली तर? त्यांनी अंड्यांवर वॉर्निशचा थर दिला, जनावराची चरबीही लावून पाहिली. अशी अंडी जास्त दिवस ताजी राहिली. चरबी तर घरोघरी असायची, त्यामुळे हा उपाय गरिबालाही जमणारा होता.

गंमत म्हणजे, कोंबडीशिवाय अंडी कशी उबवायची याचंही तंत्र त्यांनी शोधलं. त्यासाठी कुजणाऱ्या शेणखताची ऊब वापरली आणि १७४९ साली त्यावर पुस्तक काढलं. तिथे गरज नेमकी उलटी होती. पिल्लू जगायचं तर कवचातून हवा आत जायलाच हवी.

१७५७ साली घोड्यावरून पडल्यानंतर त्यांचं निधन झालं. त्यांचं तापमानाचं माप आज जवळपास विस्मरणात गेलंय. पण काही देशांत आजही बाजारात जाणाऱ्या अंड्यांवर खाद्यदर्जाच्या मिनरल ऑइलचा पातळ थर देतात. वॉर्निश गेलं, चरबी गेली, छिद्रं बुजवण्याची युक्ती तीच राहिली.