भांडणाऱ्या गावाला एकत्र आणणारा सरदार

नाताळ जवळ आला की जर्मनीत घरोघरी २५ टोकांचा कागदी तारा लागतो. हा तारा हेर्नहुटचा. ड्रेस्डेनच्या पूर्वेला, पोलंड आणि चेकच्या सीमेजवळचे हे छोटेसे गाव. आम्ही एका शनिवारी तारे कसे बनतात ते पाहायला तिथे गेलो आणि ग्राफ निकोलाउस लुडविग फॉन त्सिन्त्सेनडॉर्फ या माणसाची ओळख झाली. ग्राफ म्हणजे सरदार.

त्याचा जन्म २६ मे १७०० रोजी ड्रेस्डेनला झाला. काही आठवड्यांतच वडील वारले. आईने पुढे दुसरे लग्न केले आणि मुलगा आजीकडे वाढला. आजी भाविक, पण अभ्यासू. दहाव्या वर्षी तो हाल्ले येथे फ्रांके यांच्या शाळेत गेला. आपल्या तामिळनाडूतल्या तरंगंबाडीला गेलेल्या मिशनऱ्यांच्या हकिगती त्याने तिथेच ऐकल्या. घरच्यांच्या इच्छेने तो विटेनबर्गला कायदा शिकला. पुढे पॅरिसमध्ये या लुथरन मुलाची एका कॅथलिक कार्डिनलशी मैत्री जमली. पंथ वेगळा म्हणून माणूस परका नाही, ही खूणगाठ त्याने तरुणपणीच बांधली.

१७२२ साली त्याने आजीकडून बेर्टेल्सडॉर्फची जहागीर विकत घेतली. त्याच वर्षी मोराव्हियातून (आजच्या चेक देशातून) काही कुटुंबे आसऱ्याला आली. ही यान हुसच्या परंपरेतली माणसे. हुसला १४१५ साली जाळले होते आणि त्याच्या मागून उभ्या राहिलेल्या पंथावर कॅथलिक राजवटीत बंदी होती. त्सिन्त्सेनडॉर्फने त्यांना जमीन दिली. १७ जून १७२२ रोजी ख्रिश्चन डेव्हिड नावाच्या सुताराने पहिले झाड तोडले आणि हेर्नहुट वसले.

पाच वर्षांत वस्ती सुमारे ३०० झाली आणि भांडणे सुरू झाली. मोराव्हियन लोकांना आपल्या जुन्या चालीरीती हव्या होत्या. लुथरन म्हणत, गावच्या चर्चचे नियम पाळा. त्यात रिफॉर्म्ड आणि इतर पंथांचे लोक होतेच. बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने तर लुथरन चर्च सोडाच, असा धोशा लावला. ज्याने आसरा दिला त्या त्सिन्त्सेनडॉर्फलाच काही जण सैतानाच्या ओळीत बसवू लागले.

आपल्यापैकी कोणी असते तर म्हणाले असते, जागा माझी, पटत नसेल तर चालते व्हा. त्सिन्त्सेनडॉर्फने ड्रेस्डेनच्या दरबारातले काम बाजूला ठेवले आणि तो हेर्नहुटला राहायला आला. घरोघर जाऊन त्याने प्रत्येकाचे ऐकून घेतले. १२ मे १७२७ रोजी गावासाठी लेखी नियम झाले. सगळ्यांनी ते मान्य केले आणि १२ वडीलधारे निवडले. उन्हाळाभर छोट्या छोट्या गटांत बोलणी चालू राहिली. १३ ऑगस्टला सारे गाव चालत बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये गेले आणि सर्वांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. अबोला धरलेली माणसे रडली, एकमेकांना भेटली. लोक घरी परतल्यावरही गप्पा थांबेनात, म्हणून त्सिन्त्सेनडॉर्फने आपल्या वाड्यातून जेवण पाठवले. त्याच महिन्यात अखंड प्रार्थनेचा पहारा सुरू झाला. आळीपाळीने चाललेला हा पहारा १०० वर्षे टिकला, असे सांगतात.

आम्हाला विशेष वाटले ते हे की कोण बरोबर याचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. लुथरन लुथरन राहिले, मोराव्हियन मोराव्हियन. पुढे त्याने याचीच रीत केली. एकाच बंधुसंघात प्रत्येकाने आपली परंपरा जपावी. तो स्वतः लुथरन धर्मगुरू होता आणि १७३७ साली मोराव्हियन बिशपही झाला.

सगळेच काही जमले नाही. सॅक्सनीने त्याला १७३६ साली हद्दपार केले. १७४२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन पंथांना एकत्र आणायला त्याने सात परिषदा भरवल्या, पण लोकांना संशय आला की हा आपल्याला गिळणार. प्रयत्न फसला. कर्जही खूप झाले. हिशेब आणि घर बायको एर्डमुथेने सांभाळले. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे त्याने धर्मप्रसारक पाठवले, पण गुलामगिरीला विरोध केला नाही, हेही सांगायला हवे. ९ मे १७६० रोजी हेर्नहुटलाच तो वारला.

१७२८ साली त्याने सुरू केलेली रोजच्या एका वचनाची प्रथा आजही चालू आहे. ती पुस्तिका आज ५० हून अधिक भाषांत निघते आणि वेगवेगळ्या पंथांच्या घरांत वाचली जाते. २०२४ साली हेर्नहुट जागतिक वारसा यादीत आले.

आता हे सारे इथे का लिहिले? आमच्या गावातही काही वर्षांपूर्वी मंडळ फुटले. कारण आता कोणाला नीट आठवत नाही, पण गणपती दोन बसतात आणि मुले विचारतात की मागच्या वेळचे मित्र कुठे गेले. आम्हीही एका बाजूने तावातावाने बोललो होतो. हेर्नहुटहून परत आल्यावर आम्ही पलीकडच्या चार घरांना फोन केला आणि पुरणपोळीला बोलावले. जुना विषय काढायचा नाही, एवढीच अट. तीन घरे आली. चौथ्यांना पुन्हा फोन करणार आहोत.

चूकभूल द्यावी घ्यावी.