लयभास्कर खाप्रूमामा

गोमंतकाने भारतीय संगीताला अनेक थोर कलावंत दिले. त्यांपैकी लक्ष्मणराव पर्वतकर हे लयीचे सम्राट मानले जात. लोक त्यांना प्रेमाने खाप्रूमामा म्हणत. त्यांचा जन्म १८८० च्या सुमारास, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात झाला. ते सारंगी उत्तम वाजवीत. परंतु त्यांची कीर्ती पसरली ती तबल्यामुळे.

त्या काळी मैफलीत मोठा मान असे तो गायकाचा. साथीदाराकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाई. अशा काळात खाप्रूमामांनी लयीच्या अभ्यासाला आपले सारे आयुष्य वाहिले. ते एका हाताने एक ताल धरीत, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा, आणि त्याच वेळी मुखाने आणखी निराळ्या तालाचे बोल म्हणत. तरीही सम चुकत नसे.

हे किती अवघड आहे, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. पंढरपूरजवळच्या करकंबसारख्या गावी भजन रंगते, तेव्हा वारकऱ्याच्या हाती टाळ, पायी ठेका आणि मुखी अभंग असतो. तिन्ही क्रिया एकाच लयीत चालतात, म्हणून त्या सहज साधतात. परंतु त्रितालाच्या मात्रा १६ आणि झपतालाच्या १०. दोन्ही ताल एकाच गतीने एकदम सुरू केले, तर त्यांच्या समा ८० मात्रांनंतरच पुन्हा एकत्र येतात. तोवर त्रितालाची ५ आणि झपतालाची ८ आवर्तने होतात. एवढा हिशेब ठेवीत दोन्ही हात स्वतंत्रपणे चालवावयाचे!

आपल्या मेंदूचा डावा भाग उजव्या हाताला चालवितो व उजवा भाग डाव्या हाताला. हे दोन्ही भाग मज्जातंतूंनी परस्परांशी जोडलेले असतात. त्यामुळे एका हाताची गती दुसऱ्या हातात नकळत उतरते. एका हाताने पोटावर गोल फिरवीत दुसऱ्याने डोक्यावर थोपटून पाहावे, म्हणजे याचा प्रत्यय येतो. ही ओढ केवळ सरावाने जिंकता येते. डोक्याच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू प्रत्येक हालचाल तपासतो आणि झालेली चूक पुढील वेळी सुधारतो. पुनःपुन्हा सराव केला, म्हणजे कठीण क्रियाही फारसा विचार न करता घडू लागते.

खाप्रूमामांचे वादन पाहून कित्येकांना तो चमत्कार वाटे. पण जाणकारांना त्यामागील तपश्चर्या दिसत होती. थोर गायक अल्लादियाखाँ यांनी या साथीदाराचा ‘लयब्रह्मभास्कर’ ही पदवी देऊन गौरव केला. मैफलीत मागे बसणाऱ्या कलावंताला गायकश्रेष्ठाने दिलेला हा मान असाधारण होता.

१९५३ साली खाप्रूमामा निवर्तले. दोन हात, दोन पाय आणि एक मुख ही साधने सर्वांपाशीच असतात. त्यांच्याकडून केवढे कार्य करून घेता येते, हे त्यांनी अखंड परिश्रमाने दाखवून दिले.