अकरा मुलांचे पुढे काय झाले?

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही वैद्यकशास्त्रात स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मुलांचा त्यांनी अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा माग काढला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

कॅनर यांचा जन्म १८९४ चा. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातले, आता युक्रेनमध्ये असलेले एक खेडे आणि घर ज्यू. बर्लिनमध्ये डॉक्टर होऊन ते १९२४ मध्ये अमेरिकेत आले. साऊथ डाकोटातील सरकारी मनोरुग्णालयात काही वर्षे काढल्यावर १९२८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले आणि १९३० मध्ये त्यांनी तिथे मुलांसाठी मानसोपचार विभाग उभा केला. बालमानसोपचारावरचे इंग्रजीतील पहिले पाठ्यपुस्तक त्यांचेच, १९३५ चे.

पुस्तकी विद्वान एवढीच त्यांची ओळख नव्हती. बाल्टिमोरजवळच्या मतिमंदांच्या सरकारी संस्थेतून १६६ जणांची न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाली होती. सुटका नावालाच, श्रीमंत घरांना स्वस्तात मोलकरणी हव्या होत्या. काम नीट जमले नाही की त्या मुली रस्त्यावर येत. कॅनर यांनी त्यांचा शोध घेतला आणि १९३७ मध्ये हा प्रकार मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेत उघड केला.

पुढच्याच वर्षी मिसिसिपीतील फॉरेस्ट या गावाहून डोनाल्ड हा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. त्याच्याआधी वडिलांचे टंकलिखित ३३ पानी पत्र आले होते. मुलगा वस्तू गरगर फिरवत बसे, माणसांकडे लक्ष देत नसे, मी म्हणायच्या जागी तू म्हणे. स्मरणशक्ती मात्र विलक्षण. घरापासून दूर, एका संस्थेत तो सुमारे वर्षभर राहिला होता आणि आईवडिलांनी त्याला परत आणले होते. अशीच लक्षणे कॅनर यांना आणखी सात मुलगे आणि तीन मुलींमध्ये दिसली.

या लेखात त्यांनी दोष जन्मजात असल्याचे लिहिले, पण आईवडील थंड स्वभावाचे असल्याचेही नोंदवले. पुढच्या काही वर्षांत हा दुसरा मुद्दाच त्यांनी अधिक ठळक केला. त्याची किंमत असंख्य आयांनी भोगली. आपल्या मायेअभावी मूल असे झाले, हे ओझे घेऊन त्या जगल्या. १९६९ मध्ये पालकांच्या संघटनेपुढे कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. हे फार उशिरा झाले.

शाळेच्या दृष्टीने त्यांचे सर्वात मोलाचे निरीक्षण एका शेतावरचे आहे. १९४२ मध्ये डोनाल्डला घरापासून दहाएक मैलांवरच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले आणि थक्क झाले. मुलाला मोजमापांचे वेड होते, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून खोली सांगायचे काम दिले. तो मेलेले पक्षी, किडे गोळा करी, तर त्यांच्या दफनभूमीसाठी जागा दिली; तिथे तो प्रत्येकाच्या नावाची पाटी लावी. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर नांगर हातात देऊन नांगरता नांगरता मोजायला सांगितले. जवळच्या खेड्यातल्या शाळेने त्याचा विचित्रपणा चालवून घेतला आणि तो तिथे चांगला शिकला. विशेष शिक्षणाची कोणतीही पदवी नसलेल्या या जोडप्याला जे कळले, ते आजही अनेक शाळांना शिकवावे लागते.

१९७१ मध्ये कॅनर यांनी अकरा जणांचा वृत्तांत लिहिला. सर्वांचा पत्ता लागला नव्हता. डोनाल्ड पदवीधर होऊन गावच्या बँकेत कामाला होता. फ्रेडरिक विशेष शाळेत शिकून कार्यालयात प्रती काढायच्या यंत्रावर काम करी. लहानपणी न बोलणारा हर्बर्टही शेतावर वाढला. पुढे शेतकऱ्याच्या विधवेने वृद्धांसाठी शुश्रूषागृह काढले, तिथे तो हाताखाली उपयोगी पडे. सरकारी रुग्णालयांत आयुष्य गेलेले चौघे मात्र होते तेही गमावून बसले होते. त्यांतल्या व्हर्जिनियाची बुद्धी, भाषेवर अवलंबून नसलेल्या चाचणीत, बालपणी जवळपास सर्वसाधारण भरली होती. अशा रुग्णालयात दाखल होणे म्हणजे जन्मठेपच, असा निष्कर्ष कॅनर यांनी काढला.

अकरा ही संख्या लहान आहे. डोनाल्डचे घर सधन होते, आणि सर्वांची तीव्रताही सारखी नव्हती. तरी व्हर्जिनियाच्या बाबतीत ही सबब पुरत नाही.

अपंग मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देणारा अमेरिकी कायदा १९७५ मध्ये आला. त्यात ऑटिझमचे नाव १९९० मध्ये पडले. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क तो कायदा देतो.

कॅनर १९८१ मध्ये वारले. डोनाल्ड त्यानंतरही चाळीस वर्षांहून अधिक काळ जगला, आपल्याच गावात.